दोन पेट्यांचा हिवाळा

बाजारात भरताची हिरवी वांगी दिसायला लागली की मला दोन गोष्टी होतात. तोंडाला पाणी सुटतं आणि कानात ‘घूं’ असा बारीक आवाज सुरू होतो. पहिलीचं कारण कुठल्याही जळगावकराला विचारा, तो सांगेल. दुसरीचं कारण फक्त मला माहीत आहे.

यंदा पहिली वांगी घरी आली त्याच दिवशी पुण्याहून ओजसचा फोन आला. ओजस म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, मधुकरचा नातू. नवी नोकरी, नवं घर, आणि घरात गाणं ऐकायला चांगला संच हवा म्हणून जीव कासावीस. “अक्काआजी, इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर घेऊ, की प्री आणि पॉवर वेगवेगळे घेऊ? बाबा म्हणाले, यातलं आपल्या घरात फक्त तुला कळतं.” पंचाऐंशी ओलांडलेल्या बाईला हा प्रश्न विचारणारा नातू सगळ्यांच्या नशिबी नसतो. मी त्याला म्हटलं, “संध्याकाळी सांगते, आत्ता वांगी भाजायचीत.” खरं तर वांगी भाजून झाली होती. मला जरा वेळ हवा होता.

हाच प्रश्न मला एकदा आधीही विचारला गेलाय. तेव्हा मी चौतिशीत होते, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. आधी जमलं नाही, मग मी जमवलं नाही. घरात आम्ही तिघं भावंडं. मी थोरली, म्हणून दोघांची अक्का. माझ्या पाठचा दिगंबर आणि शेंडेफळ मधुकर. आई केव्हाच गेली होती, आबा त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गेले. यावल रस्त्याला केळी आणि कपाशी, जळगावात राहतं घर. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या गावात शिरायला लागल्या, जिनिंगकडच्या रस्त्यावर सरकी काढलेल्या कापसाचे तंतू हवेत तरंगायला लागले, आणि आमच्या घरात एक शब्द हळू आवाजात फिरायला लागला. वाटणी.

वाटणीचं मला दुःख नव्हतं. भाऊ वेगळे होतात, जग काही बुडत नाही. मला धास्ती एकाच गोष्टीची होती आणि तिचं नाव जिजीआत्या. ही आबांची बहीण, तरुणपणीच विधवा होऊन परत आलेली. आबा आणि त्यांचे धाकटे भाऊ नाना वेगळे झाले तेव्हा जिजीआत्याचीही वाटणी झाली: सहा महिने जळगावला आमच्याकडे, सहा महिने धुळ्याला नानांकडे. तिची एक हिरवी ट्रंक होती. ती तिने कधी पूर्ण उघडलेली मी पाहिली नाही. वरचं लुगडं काढायची, खालची तशीच राहायची. आमच्याकडे असताना म्हणायची, “तुमच्याकडे चहात साखर जास्त असते,” आणि कप रिकामा करून विसळून ठेवायची. कुणी तिला वाईट वागवलं नाही. पण कुणाच्याही घरात ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली नाही. माझ्या पगाराला, माझ्या पदवीला, माझ्या तोंडाळपणाला न जुमानता आपलंही तसंच होणार, असं मला त्या हिवाळ्यात रोज वाटायचं.

आणि त्याच हिवाळ्यात दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की घरात गाण्याचा संच घ्यायचा. पीक चांगलं आलं होतं. आबा असते तर “रेडिओ आहे की” म्हणाले असते. ते नव्हते, म्हणून आणायचा, हे दोघांनाही न बोलता कळलं होतं. एकमत इथवरच. पुढे दिगंबर म्हणाला, सगळं एकाच पेटीत असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा. “एक पेटी, एक बटण. दाबलं की वाजलं पाहिजे. मला गाणं ऐकायचंय, तारखात्यात नोकरी नाही करायची.” मधुकर म्हणाला, सुटे भाग. तबकडीवरच्या सुईतून येणारा बारीक आवाज सावरणारी लहान पेटी वेगळी, त्या आवाजाला ताकद देणारी मोठी पेटी वेगळी. उद्या एक बिघडली तर दुसरी शाबूत. आठवडाभर जेवताना हेच. दोघांच्या बायका कंटाळल्या आणि एके दिवशी धाकटी म्हणाली, “अक्कांना विचारा ना, त्या मुलींना विजेचं शिकवतात.” तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी जे केलं ते आजही मला आवडतं. मी मत दिलं नाही, आधी शिकायला गेले. स्टेशनकडच्या गल्लीत अन्वरभाईंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे त्यांचं खरं राज्य. मुंबईहून सुटे भाग मागवून ते हाताने अ‍ॅम्प्लिफायर बांधायचे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. तारांना सोल्डरचा डाग देताना राळेचा धूर निघतो, त्याचा वास माझ्या पदराला लागायचा. घरी थोरली भावजय नाक उडवून म्हणायची, “अक्का, देवळात गेला होता की लोहाराकडे?” अन्वरभाई पहिल्या दिवशी बिचकले. बाई माणूस, त्यात मास्तरीण. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात सोल्डरची तापलेली कांडी दिली आणि म्हणाले, “टीचरबाई, नुसतं बघून नाही येत. हात भाजला पाहिजे.” भाजला. अंगठ्यावरचा डाग अजून आहे.

त्यांनी मला दोन्ही ऐकवलं. एका पेटीतला अ‍ॅम्प्लिफायर लावला, तबकडीवर सुई ठेवली, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत मला म्हणाले, “कान लावा.” ऐकू आलं. घूं. पंगतीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तोंड मिटून गुणगुणावं तसं. “हा ट्रान्सफॉर्मर. मोठा आहे, गरम आहे, लहान्याच्या शेजारी बसलाय. लहान्याचा आवाज नाजूक, तर याचं गुरगुरणं त्याच्यात शिरतं.” मग दोन वेगळ्या पेट्या हातभर अंतरावर ठेवून जोडल्या. सुई ठेवली. शांतता. आणि त्या शांततेतून तंबोरा असा वर आला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अन्वरभाईंनी भलतीकडे बघितलं, सभ्य माणूस.

चांगल्या कारागिराच्या हातची एक पेटीसुद्धा गुरगुरत नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी घरी जाऊन निकाल दिला: सुटे भाग. मुलींना पाठ शिकवावा तसा अर्धा तास समजावून दिला. दिगंबर शेवटी म्हणाला, “अक्का, तू म्हणतेस तर तसं. पण जे सुटं आणशील ते सांभाळायला पाच तारा लागतील, हे लक्षात ठेव.” मी म्हटलं, “तारा मी सांभाळीन.”

ते माझ्याच अंगावर आलं. संच घरी आला, मधल्या खोलीत मांडला, दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर, मधे कपाटावर दोन पेट्या आणि रेकॉर्ड प्लेअर. शेजारीपाजारी जमले. मी ऐटीत बटण दाबलं आणि घर भरून घूं वाजलं. दुकानातल्यापेक्षा चौपट! दिगंबर नुसता पेढा खात राहिला. त्याचं ते पेढा खाणं मी अजून विसरलेली नाही. दोन दिवस मी पेट्यांच्या मागे आडवी पडून होते. शेवटी कळलं, दोन्ही पेट्यांना भिंतीतून वेगवेगळी अर्थिंग दिली होती. लहान पेटीची काढली, तिला मोठीच्या अर्थिंगवरच ठेवलं, आवाज गेला. पेट्या दोन चालतात, अर्थिंग एकच लागते. हे मी पुढे वीस वर्षं मुलींना शिकवलं आणि परीक्षेत कधी विचारलं नाही.

मग जो दीड महिना मिळाला, तसा त्या घराला पूर्वी कधी मिळाला नव्हता. संध्याकाळी केळीकडून दिगंबर यायचा, धोतराला चिकाचे काळे डाग. तो हातपाय धुऊन थेट उजव्या स्पीकरसमोर बसायचा. मधुकर डावीकडे. दोघांत वाद असायचाच, पाण्याच्या पाळीचा, मजुरांचा, पण सुई खाली आली की थांबायचा. केळीच्या मळ्यांतले पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, गाणारी बाई म्हाताऱ्या बुवासारखी गायला लागायची आणि आम्ही तिघं हसायचो. बाहेर थंडी इतकी, की केळीची पानं कडेने करपायची. आत खिडक्या बंद, शेगडीत कोळसे. मला वाटायचं, हे असं चाललं तर वाटणीचा विषय मागे पडेल. शिकलेली माणसंसुद्धा असं खुळ्यासारखं वाटून घेतात.

संक्रांत झाली आणि धुळ्याहून नाना आले. आमच्याकडे दर वर्षी मळ्यात भरताचा बेत असायचा. त्या वर्षी नानांनी सांगून ठेवलं, की भरीत खाऊन तिथेच बसू. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, धुराने डोळे चुरचुरणारे. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण आणि भाजलेली वांगी ठेचल्याचा ठकठक आवाज, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. सगळे पोटभर जेवले. मला एक घास गिळवला नाही. भरताला नाही म्हणालेला तो माझ्या आयुष्यातला एकमेव दिवस.

जेवणं झाल्यावर लिंबाखाली नाना आणि गावातले दोन वडीलधारे बसले. पद्धत अशी, की वाटे नानांनी पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. नाना न्यायाला पक्के. जमीन झाली, विहीर झाली, हंडे, परात, खाटा झाल्या. बैलांपाशी आले तेव्हा म्हणाले, “बैलनी जोडी फोडानी नही,” आणि एकाला बैल, दुसऱ्याला दोन गायी आणि गाडी दिली. कुणी हरकत घेतली नाही. मग संच. नानांनी आदल्या दिवशी घरी तो नीट बघितला होता, कापड बाजूला करून, हात मागे बांधून. त्यांनी वाटा पाडला तो असा: स्पीकर दोन, एकेक. पेट्या दोन, एकेक. लहान पेटीबरोबर भरपाई म्हणून रेकॉर्ड प्लेअर, मोठीबरोबर भरपाई म्हणून तबकड्यांचं कपाट. “बठ्ठं सारखं शे,” नाना म्हणाले. “आते कोनी काही बोलानं नही.”

दोन्ही वाटे अगदी सारखे, आणि दोन्ही मुके.

ज्या माणसाला बैलांची जोडी फोडू नये हे कळतं, त्याने स्पीकरची जोडी फोडली. त्यांचा दोष नाही, त्यांच्या आयुष्यात बैल होते. दिगंबरला कळत होतं, मधुकरला कळत होतं. पण पाडलेल्या वाट्यावर बोट ठेवलं की माणूस हावरा ठरतो, आणि त्या दिवशी दोघांनाही सगळ्यात मोठी भीती हावरं दिसण्याची होती. दोघांनी माना खाली घातल्या. मला तर सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मी बोलले असते तर नानांनी ऐकलं असतं. मी मुद्दाम गप्प बसले. मला राग आला होता. पाच तारांनी जोडलेली वस्तू ज्यांना राखता येत नाही, त्यांनी ती मुकीच घेऊन जावी, असं मला वाटलं. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष संचावर नव्हतंच. मला माहीत होतं, सामान संपलं की पुढचं नाव माझं आहे.

“आनि अक्का,” नाना मायेनेच म्हणाले. “सहा महिना दिगंबरकडे, सहा महिना मधुकरकडे. बहीन शे, काही वझं नही.” दिगंबर लगेच म्हणाला, “नाना, विचारायचं काय त्यात. पहिले सहा महिने माझ्याकडे.” मधुकर म्हणाला, “का? माझ्याकडे आधी.” दोघंही मनापासून बोलत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोकांनी त्यांना नावं ठेवली. माझ्या भावांनी मला कधीही टाकलं नसतं. त्यांनी मला नीट वाटून घेतलं असतं.

मी उभी राहिले. बायका त्या बैठकीत उभ्या राहत नसत. आवाज वर्गावर कमावलेला होता. म्हटलं, “नाना, मी वाट्यात नाही.”

“मंग कोठे ऱ्हाशी?”

“शाळेजवळ दोन खोल्या पाहिल्यात. पुढच्या महिन्यापासून.”

“एकली? लोके काय म्हनतीन?”

“म्हणू द्या. त्यांना सांगा, अक्काला चहात साखर कमी लागते, म्हणून वेगळी राहते.”

नानांना ते कळलं. जिजीआत्या सहा-सहा महिने त्यांच्याही घरी राहिली होती. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली आणि म्हणाले, “बरं शे.” एवढंच. जमिनीतल्या माझ्या हक्काचं मी त्या दिवशी काढलं नाही. पुढे काढलं, आणि ते वेगळं रामायण झालं.

लोक म्हणाले, अक्काने सुटा संच आणला आणि घर सुटं झालं. मीही रिकाम्या वेळी स्वतःला विचारलंय, की तंबोऱ्यासाठी मी तो निकाल दिला, की मनात कुठेतरी मलाच सुटं व्हायचं होतं? वर्गात मुली असं काही विचारायच्या तेव्हा मी म्हणायची, दोन कारणांचा परिणाम एकच असू शकतो. स्वतःलाही तेच सांगते आणि पुढे जाते.

माघात मी त्या दोन खोल्यांत गेले. एका खोलीत स्वयंपाक, दुसरीत मी. पहिल्या रात्री दाराला आतून कडी लावली आणि निवांत झोपले, हे कुणाला खरं वाटत नाही. खुर्ची एकच आणली होती, ती खिडकीजवळ ठेवली. दोघा भावांचं तोवर बोलणं बंद झालेलं. वाटणीनंतर मधे भिंत घातली होती आणि भिंतीवरचं पावसाचं पाणी कुणाच्या बाजूला उतरणार यावरून भांडण पेटलं होतं. जुन्या मधल्या खोलीचे दोन तुकडे झाले आणि प्रत्येकात एकेक स्पीकर कापड पांघरून बसला होता.

आधी मधुकर आला. इकडचं तिकडचं बोलला, पाणी प्याला, मग म्हणाला, “अक्का, तू दिगूला सांग ना. लहान पेटी आणि प्लेअर त्याच्या काय कामाचा?” मी म्हटलं, “तुझी मोठी पेटी तुझ्या काय कामाची?” चार दिवसांनी दिगंबर आला. तोही तेच, पेट्यांची नावं फक्त उलटी. दोघांनाही मी एकच उत्तर दिलं: “मी कुणाला काही सांगणार नाही. ज्याला ऐकायचंय त्याने आपला वाटा इथे आणून ठेवावा.” दिगंबर म्हणाला, “इथे?” आणि खोलीकडे असं बघितलं, जणू ती पहिल्यांदाच दिसतेय. “हो, इथे,” मी म्हटलं. “माझ्या घरी.”

आठवडा गेला. थंडी ओसरायला लागली, दुपारी पंखा लावावासा वाटायला लागला. रविवारी चारच्या सुमाराला बाहेर बैलगाडी थांबली. गाडी मधुकरच्या वाट्याची, बैल दिगंबरच्या. गाडी जुंपायचं बायकांमार्फत ठरलं असणार; दोघं पुढे शेजारी बसले होते, बोलत मात्र नव्हते. एकाने मोठी पेटी उचलली, दुसऱ्याने लहान. स्पीकर ठेवायला जागा नव्हती, म्हणून एक पिठाच्या डब्यावर ठेवला आणि एक माझ्या खाटेवर. तारा मी जोडल्या. मधुकर कपाटातून तबकडी काढत होता, दिगंबर म्हणाला, “ती नको, दुसरी.” पंचवीस दिवसांत दोघांत झालेलं हे पहिलं बोलणं. दोघंही जमिनीवर बसले, खुर्चीत मी. घूं नव्हतं. तबकडीच्या दोन्ही बाजू ऐकून झाल्या.

ओजसला मी संध्याकाळी सांगितलं, “एक पेटी घे. आता चांगल्या मिळतात, मीही तीच वापरते, माझ्याच्याने मागे वाकून तारा लावणं होत नाही.” तो म्हणाला, “म्हणजे तेव्हा तू चुकली होतीस?” मी म्हटलं, “मुळीच नाही.”

त्या रविवारी ते निघाले तेव्हा उजेड होता. संच माझ्याकडेच राहणार, हे न बोलता ठरलं होतं. मधुकर गाडीपाशी गेला. दिगंबर दारात चपला घालत होता, माझ्या पाठचा, ज्याने कुठल्याही खोलीत शिरताना आजवर दार वाजवलं नव्हतं. एक चप्पल पायात, एक हातात, तसाच थांबला आणि म्हणाला, “अक्का, उद्या येऊ का?”

चौतीस वर्षांत माझ्याकडे येऊ का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. घर माझं असल्याशिवाय विचारणार कसं?

“या,” मी म्हटलं. “पण सहाच्या आत नको. मला वह्या तपासायच्या असतात.”